रुमालाखालची बोटे

जनावरांच्या बाजारात खरा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकतात आणि आत बोटे धरतात. एक बोट धरले तर एक, चार धरली तर चार, पंजा दाबला तर पाच. शेकडा धरायचा की हजार, हे आधीच हलक्या आवाजात ठरलेले असते. वर पावसापाण्याच्या गप्पा चालू राहतात, कोणाच्या पोरीचे कुठे जमले याची चौकशी होते. भोवती दहाजण उभे असतात. त्यांना सगळे दिसते आणि कळत काहीच नाही. मालकालासुद्धा पुष्कळदा दलाल सांगेल तोच आकडा खरा मानावा लागतो. लहानपणी मला ही जादू वाटायची. तिच्यात एकाचा तोटा ठरलेला असतो, हे फार पुढे उमगले.

नंदुरबार जिल्ह्यात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार देशभर ठाऊक आहे. अलीकडे त्याला ‘चेतक फेस्टिव्हल’ असे नाव मिळाले आणि पाहुण्यांसाठी तंबू आले. घोड्याची चाल, दात आणि अंगावरचे भोवरे पाहणारी डोळस माणसे मात्र अजून येतात. सारंगखेडा शहादा तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी बोटांचाच एक निराळा व्यवहार झाला. त्यावर रुमाल नव्हता. बोटे काचेवर ठेवायची होती आणि देशभरचे कॅमेरे त्याकडे लागलेले होते.

त्या दिवशी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभलीला आले. मुख्यमंत्री अशोक चव्हाण होते, आणि होते नंदन नीलेकणी. गावातल्या एका आदिवासी महिलेला बारा आकड्यांचा देशातला पहिला आधार क्रमांक देण्यात आला. तिचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आले. पुढची कित्येक वर्षे दर वर्धापनदिनाला पत्रकार तिच्या घरी जात राहिले आणि तिच्या घरात काय बदलले ते लिहीत राहिले. मी त्या छायाचित्राकडे पाहतो तेव्हा मला मागची रांग महत्त्वाची वाटते. पंतप्रधान म्हणजे सरकार. सोनिया गांधी राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अध्यक्ष होत्याच, पण आधी त्या पक्षाच्या अध्यक्ष. आणि नीलेकणी १९८१ साली पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसचे एक संस्थापक. जुलै २००९ मध्ये कंपनी सोडून ते ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष झालेले. सरकार, पक्ष आणि संगणक उद्योग एका ओळीत उभे, आणि समोर ज्यांच्या नावाने हे सगळे चालले होते ती बाई. कार्यक्रम सरकारी होता, पक्षाचे अधिवेशन नव्हते. पण काँग्रेसने देशाच्या प्रचाराचा नारळ नंदुरबारात फोडायचा, ही इंदिरा गांधींच्या वेळेपासूनची रीत इथले जुने लोक सांगतात. माणिकराव गावित इथून सलग नऊ वेळा लोकसभेवर गेले होते. टेंभलीची निवड कोणाला निव्वळ भौगोलिक वाटली असेल, असे मला वाटत नाही.

युरोप-अमेरिकेत पक्षांच्या वार्षिक परिषदा भरतात तेव्हा बाहेर मोठे दालन असते. तिथे कंपन्या भाडे भरून स्टॉल मांडतात आणि बाजूच्या खोल्यांत चहापानासह चर्चा ठेवतात. लिव्हरपूलमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये मजूर पक्षाची परिषद झाली. तिच्यात उद्योगांसाठी एक आख्खा दिवस राखलेला होता. तिथे उद्योग राजकारण्यांच्या दारात जातो आणि आपला माल मांडतो. टेंभलीत मांडणी उलटी झाली. मालाचा नमुना म्हणून गावच मांडले गेले. दुर्गम, आदिवासी, कागदपत्रे नसलेले गाव. इथे चालले तर कुठेही चालेल, असा त्या मांडणीचा अर्थ होता.

मी नीलेकणींना दलाल म्हणत नाही. ओळखीचा कागद नाही म्हणून रेशन नाही, बँक नाही, ही अडचण खरी होती आणि ती सोडवण्याची त्यांची तळमळही खरी होती. मला कुतूहल आहे ते तळमळ आणि सौदा यांच्या मधल्या जागेचे. टेंभलीच्या आधी थोडेच दिवस, त्याच पावसाळ्यात, बोटांचे ठसे आणि बुबुळे जुळवून पाहण्याच्या कामासाठी तीन गट निवडले गेले होते: ॲक्सेंचर, फ्रान्सच्या मॉर्फोला बरोबर घेतलेली महिंद्रा सत्यम आणि अमेरिकेची एल-१. पुढच्याच वर्षी एल-१ कंपनी मॉर्फोच्या मालकांनी, फ्रान्सच्या साफ्रान समूहाने विकत घेतली. एकाच्या हाती सगळे जाऊ नये म्हणून तिघे निवडले आणि वर्षभरात तिघांतले दोघे एका छपराखाली गेले. टेंभलीच्या व्यासपीठावर या कंपन्यांचा फलक असण्याचे कारण नव्हते. पण त्या बाईची दहा बोटे, दोन बुबुळे आणि चेहरा आधी नोंदलेल्या प्रत्येकाशी ताडून पाहणारी यंत्रे त्यांच्याकडून यायची होती. त्या ताडणीच्या अटी काय होत्या, किती चूक चालणार होती आणि चुकीचा भुर्दंड कोणावर, याचे कागद होते. ते सरकारी निविदांच्या इंग्रजीत होते.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर दिवाळीनंतर लाल गालिचा पसरतो. तिथे देठ खुडणाऱ्या बायकांची बोटे पाहावीत. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांचे तळवे पाहावेत. कातडीवरच्या रेषा कष्टाने झिजतात हे यंत्राला ठाऊक नसते. ते फक्त ‘जुळत नाही’ एवढेच म्हणते. आयुष्यभर कागदावर अंगठा उठवत आलेल्या माणसाचाच अंगठा यंत्राला पटू नये, हा विनोद यंत्राच्या खर्चाने नाही, अंगठेवाल्याच्या खर्चाने होतो.

२०१४ साली नीलेकणी दक्षिण बंगळुरूतून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेला उभे राहिले आणि भाजपच्या अनंत कुमार यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी पडले. त्याच निवडणुकीत नंदुरबारात माणिकराव गावित हीना गावितांकडून हरले. पहिला आधार क्रमांक जिथे दिला त्या मतदारसंघाने पक्षाला नाकारले आणि ज्याने तो आणला त्यालाही त्याच्या शहराने नाकारले. प्रचारात आधारवर टीका करणारे नरेंद्र मोदी पंतप्रधान झाले. जुलै २०१४ मध्ये नीलेकणी त्यांना भेटले आणि आधार पूर्वीपेक्षा जोराने पुढे गेले. २०१६ च्या मार्चमध्ये त्याचा कायदा धन विधेयक म्हणून मंजूर झाला, म्हणजे राज्यसभेच्या दुरुस्त्या बंधनकारक उरल्या नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी कायदा टिकवला, मात्र खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा भाग काढून टाकला. उमेदवार पडला, यंत्र निवडून आले. मतदाराने ज्याला पाडले त्याचे काम चालू राहणे लोकशाहीत वाईटच असते असे नाही. धरणेही अशीच चालू राहतात. (नर्मदाकाठच्या, धरणात बुडालेल्या मणिबेलीच्या लोकांना हे वाक्य वाचून काय वाटेल, याची मला कल्पना आहे.)

तापीकाठाने थोडे मागे जाऊ. शहाद्याहून नदीच्या वरच्या अंगाला, सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात, फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तिथे झाले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते आणि फैजपूर पूर्व खानदेशात. धनाजी नाना चौधरींनी जागेपासून माणसांपर्यंत सारे जमवले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि तट्ट्यांनी नगर सजवले, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक सहा बैलजोड्यांच्या रथातून निघाली. पण माझे लक्ष अधिवेशनाच्या मंडपापेक्षा शेजारच्या प्रदर्शनाकडे जाते. २५ डिसेंबरला गांधीजींनी ते उघडले. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन. गिरण्यांना तिथे जागा नव्हती.

अधिवेशनाला जोडून उद्योगाची मांडणी करण्याची रीत तेव्हा नवी नव्हती. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० साली औद्योगिक परिषद भरवली. १९०५ च्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले होते आणि त्याला जोडून पहिली अखिल भारतीय औद्योगिक परिषद झाली. अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर तिच्या कामात पुढे होते. कारखानदार, वकील आणि पुढारी एकाच गाडीने येत, एकाच गावात उतरत. विसाच्या दशकात या प्रदर्शनांत गिरणीचे कापड असावे की नसावे, यावर कडाक्याचे वाद झाले. ते वाद आज वाचताना मजा येते, कारण भांडण उघड्यावर होते. कोणता उद्योग पक्षाच्या मांडवात बसेल आणि कोणता बाहेर राहील, यावर वर्तमानपत्रांतून लेख लिहिले जात. त्यात अतिरेक होता, हट्ट होता, थोडा भाबडेपणाही होता. रुमाल नव्हता.

याच काळातला एक कागद मला आपल्या तंत्रज्ञानाच्या इतिहासातला फार मोलाचा कागद वाटतो. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. लाख रुपये, १९२९ चे. अटी वाचाव्यात. यंत्र हलके हवे, हाताने किंवा पायाने चालणारे हवे. झोपडीतल्या बाईला ते फार शीण न होता सलग आठ तास चालवता आले पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६ हजार फूट सूत निघाले पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. भारतातच बनले पाहिजे. नीट बांधलेले असावे, वीस वर्षे टिकावे, देखभालीचा खर्च वर्षाला पाच टक्क्यांपुढे जाऊ नये. आणि दुरुस्ती जिथे यंत्र चालते तिथेच सहज करता आली पाहिजे.

या यादीत पहिला ग्राहक झोपडीतली बाई आहे. तिची कंबर, तिचे हात आणि तिच्या गावचा सुतार-लोहार यांच्या मापाने अटी शिवल्या आहेत. पुढाऱ्याच्या सोयीची अट मला तरी सापडली नाही. इंजिनिअरांना सांगितले होते: तुम्ही हुशार आहात हे मान्य, आता या बाईला पुरे पडा. किर्लोस्करवाडीतही या बक्षिसासाठी एक यंत्र घडवले गेले. ते चालायचेही, पण अटींत बसले नाही. चरखा संघ पक्षाचेच अंग होता, पाटण्याला १९२५ साली काँग्रेसनेच तो उभा केला होता. म्हणजे पक्ष आणि तंत्रज्ञ यांची ही भेटच होती. पण अटी पक्षाने घातल्या, जाहीर घातल्या, आणि एका तिसऱ्याच माणसाच्या वतीने घातल्या.

चरखा संघाच्या अर्थशास्त्राशी माझे सगळे जुळत नाही. चरख्याने देश चालला नसता. फैजपूरनंतर दोन वर्षांच्या आत, तापीच्याच खालच्या अंगाला, गुजरातेतल्या हरिपुऱ्याला अधिवेशन भरले आणि अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी नियोजनाचा विषय पुढे आणला. १९३८ च्या अखेरीस नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती बसली. तिच्यात मेघनाद साहांसारखे शास्त्रज्ञ होते, मोठ्या उद्योगांची बाजू मांडायला पुरुषोत्तमदास ठाकूरदास आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद होते, आणि ग्रामोद्योगांच्या बाजूने जे. सी. कुमारप्पा होते. कुमारप्पांचे जमले नाही, ते बाहेर पडले. उद्योगपती कोण, ते कोणत्या खुर्चीवर बसले, काय म्हणाले, याच्या नोंदी राहिल्या. फैजपूर वरच्या अंगाला आणि हरिपुरा खालच्या; टेंभलीचा तालुका या दोहोंच्या मध्ये. दोन अधिवेशनांच्या मधून वाहणारे पाणी शहादा तालुक्यातल्या प्रकाशा गावच्या घाटाला लागून जाते, पण पाण्याला काही आठवत नाही.

आता आजच्याकडे. २०१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत दोन्ही पक्षांची महाअधिवेशने झाली, एक क्लीव्हलँडला आणि दुसरे फिलाडेल्फियाला. गूगल, फेसबुक आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडे हजर होत्या. डॅनियल क्राइस आणि शॅनन मॅकग्रेगर या अभ्यासकांनी २०१८ मध्ये जे लिहिले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. या कंपन्यांचे लोक नुसती जाहिरातीची जागा विकत नव्हते. प्रचाराच्या कार्यालयात बसून मजकूर कसा असावा, कोणाला दाखवावा, याचा सल्ला देत होते. विक्रेता आणि सल्लागार यांच्यातली भिंत पातळ झाली होती. दोन्ही पक्षांना माल पुरवणारा व्यापारी तटस्थ असतो असे आपण म्हणतो. पण दोघांनाही तराजू पुरवणारा व्यापारी तटस्थ नसतो, कारण पुढे वजन त्याच्याच मापाने होते. परदेशातल्या स्टॉलचेही मला फार कौतुक नाही. तिथे भाडे उघड असते, पण बाजूच्या खोलीत काय बोलणे झाले ते उघड नसते. तोही एक रुमालच, फक्त जाळीदार कापडाचा.

आपल्याकडे अधिवेशनात असे दालन नसते. जानेवारी २०२५ मध्ये शिर्डीत एका आठवड्याच्या आत भाजपचे प्रदेश अधिवेशन आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शिबिर झाले. अशा मेळाव्यांत तंत्रज्ञान दिसते ते पडद्यांत आणि ड्रोनमध्ये, करार तिथे होत नाहीत. उद्योग आणि राजकारणी भेटतात ते सरकारी समारंभात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत राज्य सरकारने मेटाशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचे जाहीर केले. दाखला घरबसल्या मिळणार असेल तर सातपुड्यातल्या धडगावच्या माणसाने तक्रार का करावी? पण निवडणुकीत याच कंपनीच्या पानांवर सारे पक्ष जाहिराती विकत घेतात. सरकारची खिडकी, पक्षाचा भोंगा आणि घरातल्या माणसांच्या गप्पा हे सगळे एकाच वाड्यात भरू लागले, तर वाड्याच्या मालकाशी कोणाचे काय बोलणे चालले आहे हे भाडेकरूंना ठाऊक असायला हवे. मेटाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. भारतातल्या राजकीय जाहिरातींची खुली नोंदवही या कंपनीने २०१९ मध्ये स्वतः सुरू केली. आपले पक्ष आपल्या देणगीदारांबद्दल एवढेही आपणहून करत नाहीत.

देणग्यांचा विषय निघाला म्हणून १९५७ चे एक प्रकरण. टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनेत बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात आडकाठी नव्हती. पण देताना बजावले की हा प्रघात लोकशाहीला घातक ठरू शकतो आणि संसदेने यात लक्ष घालावे. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आणली आणि १९८५ मध्ये ती उठवली. हेच छागला डिसेंबर १९८० मध्ये मुंबईत भाजपच्या पहिल्या अधिवेशनाला पाहुणे म्हणून गेले आणि वाजपेयींच्या रूपाने त्यांना भावी पंतप्रधान दिसला. १९८५ च्या डिसेंबरात, पुन्हा मुंबईतच, काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनात संगणकप्रेमी पंतप्रधान राजीव गांधींनी सत्तेच्या दलालांवर कोरडे ओढले. देणग्यांवरची बंदी उठली तेच वर्ष. पुढे २०१७ मध्ये देणगीची कमाल मर्यादाही गेली आणि निवडणूक रोखे आले, म्हणजे रुमाल थेट सरकारी बँकेनेच पुरवला. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ओढून काढला.

पैशाचे निदान मोजमाप होते. भेटींचे होत नाही. कोणती कंपनी कोणत्या मंत्र्याला कशासाठी भेटली याची नोंद ठेवायला लावणारा कायदा भारतात नाही. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्टवरून संसदेत गदारोळ झाला. कशामुळे? कंपनीने अमेरिकेच्या सिनेटला दिलेल्या विवरणात २००८ पासून मनधरणीवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे आणि त्या विषयांत भारतातल्या गुंतवणुकीचाही समावेश असल्याचे नोंदले होते. आपल्या दाराबद्दल काय बोलणी चालली होती ते आपल्याला दुसऱ्याच्या दप्तरातून कळले. चौकशीला माजी न्यायमूर्ती नेमले गेले. कायदा तसाच राहिला, म्हणजे नाहीच.

असा कायदा अव्यवहार्य आहे असे कोणी म्हटले की मला बाजार समिती आठवते. कापसाच्या, धान्याच्या बाजारातही रुमालाखालचा सौदा सर्रास होता. तो शेतकऱ्याला बुडवतो हे कळल्यावर मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा आला, १९३९ मध्ये शेतमालाच्या बाजारांचा आला, आणि नियंत्रित बाजारात उघड लिलाव हा नियम झाला. भाव मोठ्याने पुकारायचा, सगळ्यांसमोर. यातही पुढे मखलाशी झाली, व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत केले, समित्या पुढाऱ्यांच्या हाती गेल्या, हे नंदुरबारच्या मिरची उत्पादकाला मी सांगायची गरज नाही. पण रुमाल वाईट, हे तत्त्व मान्य झाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात व्यापाऱ्याने नाक्यावरच्या ध्वजापाशी माल मांडावा, किती माल आणि काय किंमत ते सांगावे आणि ‘कोण घेणार’ असे तीनदा पुकारावे, असा नियम आहे. ध्वज आपल्या पक्षांकडेही असतात. त्यांच्या बुंध्याशी असे पुकारून काही विकलेले अजून पाहण्यात नाही.

मंत्र्याने इंजिनिअरला एकांतात भेटूच नये, असे मला म्हणायचे नाही. न भेटता घेतलेले निर्णय अडाणी असतात, आणि शिकण्यासाठी चारचौघांबाहेरची जागा लागते. शाळेतही सगळे प्रश्न वर्गात विचारता येत नाहीत. माझा आक्षेप एका विषमतेवर आहे. झोपडीतल्या बाईची दहाही बोटे काचेवर, नोंदलेली, साठवलेली. तिच्याविषयी ठरवणाऱ्यांची बोटे मात्र कापडाखाली. तिचे नाव पुढे करण्यात कोणालाच संकोच नाही. २०१५ च्या अखेरीस फेसबुकने मोफत पण निवडक इंटरनेटची योजना रेटली, तेव्हा मार्क झुकरबर्ग यांनी इथल्या वृत्तपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा दाखला दिला होता. त्या वेळी दूरसंचार नियामकाने मते मागवली, लाखो लोकांनी लिहिले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला अशा भेदभावाच्या दरांवर बंदी आली. त्या सौद्यात मात्र पुकारा झाला होता.

२०२४ च्या १२ मार्चला राहुल गांधींची न्याय यात्रा नंदुरबारमार्गे महाराष्ट्रात शिरली. १० मेला नरेंद्र मोदींची सभा नंदुरबारात झाली. १३ मेला मतदान झाले आणि आणखी एकदा बोटांवर शाई लागली. मधल्या मार्चमध्ये देशभरच्या मोबाइलवर ‘विकसित भारत’चा संदेश येत होता. निवडणूक आयोगाने २१ मार्चला माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला तो थांबवायला सांगितले. लोकांचे मोबाइल क्रमांक कोणी कोणाला दिले, अशी चर्चा शहरांत झाली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत ती झाली नसावी. तिथे संदेश यायला आधी डोंगरावर जावे लागते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली, दीड हजार रुपये आधारला जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. बायका पासबुक आणि मोबाइल पदरात गुंडाळून रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन बसल्या. ओटीपी यायला दहा मिनिटे लागतात आणि तो पाचव्या मिनिटाला शिळा होतो.

तिथे बसलेल्या एखाद्या बाईला १९२९ सारखा अटींचा कागद लिहायला सांगितला, तर ती काय लिहील? मी माझ्यापुरता लिहून पाहिला. झिजलेला अंगठा चालला पाहिजे. नाही चालला तर त्या दिवशीचे धान्य अडू नये. रेंज नसेल तर यंत्राने थांबावे, माणसाने नाही. बिघडले तर तालुक्याला खेप पडू नये, पाड्यावरच्या पोराला दुरुस्त करता यावे. चूक झाली तर कोणाकडे जायचे ते पावरीत, भिलीत, मावचीत सांगता आले पाहिजे. एकदा दिलेले बोट कोणी कोणाला दाखवले ते मला कळले पाहिजे. यंत्र विकणारा आणि घेणारा भेटले तर आमच्यातली एक तिथे बसलेली असावी, तिला चहा नाही दिला तरी चालेल.

किर्लोस्करवाडीच्या यंत्राशिवायही कित्येक चरखे त्या बक्षिसासाठी आले. कोणी वजनात अडले, कोणी किमतीत, कोणी दुरुस्तीत. लाख रुपये शेवटपर्यंत कोणालाच मिळाले नाहीत.